अन्नाचे पचन, शोषण आणि जलसंजीवनी



अन्न पोटात गेले म्हणजे ते शरीराला मिळाले, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः तोंडापासून गुदद्वारापर्यंतचा अन्नमार्ग ही एक लांब नळी आहे. आतड्याचे अस्तर ओलांडून अन्नरस रक्तात शिरतो, तेव्हाच अन्न शरीराचे होते. मराठवाड्यातील शेतमजुराची ज्वारीची भाकरी असो, की भोपाळच्या महाराणा प्रताप नगरात कचेरीला जाणाऱ्या नोकरदाराचे पोहे असोत, नियम एकच आहे.

पचनास तोंडातच प्रारंभ होतो. भाकरीचा घास पुष्कळ वेळ चावला की तो गोडसर लागू लागतो, कारण लाळेतील पाचकरस पिष्टाचे शर्करेत रूपांतर करू लागतो. जठरात आम्लरस मिसळून अन्न घुसळले जाते व डाळीतील प्रथिनांचे विघटन सुरू होते. पुढे लहान आतड्यात यकृताकडून येणारे पित्त तेलातुपाचे बारीक कण करते आणि स्वादुपिंडाचा रस उरलेले काम पार पाडतो.

लहान आतडे सुमारे सहा मीटर लांब असते. त्याच्या आतील बाजूस मखमलीप्रमाणे असंख्य सूक्ष्म अंकुर असतात. त्यांच्यामुळे शोषणाचा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो. शर्करा व प्रथिनांचे घटक येथून रक्तात जातात. स्निग्ध पदार्थ बहुतांशी लसीकावाहिन्यांच्या वाटेने जातात.

अन्नाइतकेच महत्त्व पाण्याचे आहे. प्रौढ माणसाच्या आतड्यात दररोज सुमारे नऊ लिटर द्रव येतो. त्यांपैकी दोन लिटर खाण्यापिण्यातून येतो व उरलेला शरीराच्याच पाचकरसांचा असतो. यातील जवळजवळ सर्व द्रव आतडे परत शोषून घेते व मलावाटे जेमतेम एकदोन पेले पाणी बाहेर पडते. हा हिशेब बिघडला की अतिसार होतो. शरीरातील पाणी व क्षार वाहून जातात आणि लहान मूल काही तासांतच संकटात सापडते.

अशा वेळी ‘पोटाला विश्रांती’ म्हणून मुलाचे पाणी व अन्न तोडण्याची रीत अनेक घरांत आहे. ती घातक आहे. शर्करा व मीठ आतड्याच्या पेशींत जोडीने शिरतात व त्यांच्यामागोमाग पाणीही शोषले जाते. हे जोडीचे तत्त्व रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० साली मांडले. पटकीतही ही वाट बंद होत नाही, हे पुढे दिसून आले. १९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाच्या वेळी बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून देण्याचे सलाईन अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, सोडा व ग्लुकोज यांचे पाणी तोंडाने पाजण्याचा मार्ग अवलंबिला. मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होते, ते शेकडा चारच्या आत आले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. आपल्याकडे हेच पाणी जलसंजीवनी म्हणून ओळखले जाते.

जलसंजीवनीची पुडी आरोग्य केंद्रात मिळते. तिच्यावर लिहिलेल्या मापाइतक्याच स्वच्छ पाण्यात ती संपूर्ण विरघळवावी. पुडी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. माप चुकवू नये. साखर अधिक झाल्यास जुलाब वाढतात व मीठ अधिक झाल्यास अपाय होतो. हे पाणी घोटघोट, वारंवार पाजावे. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा द्यावे. अंगावरचे दूध चालू ठेवावे. वरचे अन्न खाणाऱ्या मुलास मऊ भात, वरण, खिचडी द्यावी. जस्ताच्या गोळ्या आरोग्य सेविकेच्या सांगण्याप्रमाणे चौदा दिवस द्याव्यात.

मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी थांबली, पाणी पिणे बंद झाले किंवा शौचात रक्त दिसले, तर क्षणाचाही विलंब न लावता त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. वाटेतही, मूल पिऊ शकत असेल तर, पाणी पाजणे थांबवू नये.

शिक्षकांनी हे माप वर्गात करून दाखवावे व ग्रामपंचायतींनी ते फलकावर लिहावे. पाणी, साखर आणि मीठ प्रत्येक घरात असते. उणीव असते ती या माहितीची, आणि ती दूर करणे गावाच्याच हाती आहे.