भिंतीआडची बाग



मल्लेश्वरमच्या मुलांना लालबाग घरच्यासारखी. शिऱ्याच्या मोगल बागेवरून प्रेरणा घेऊन हैदरअलीने १७६० मध्ये तिचा आरंभ केला. आज मात्र तेथे जुनी चौकोनी, तटबंद आखणी शोधावी लागते. ती पाहायची तर छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा पाहावा.

औरंगजेबाची बेगम दिलरसबानू हिची ही समाधी १६६०-६१ च्या सुमारास पूर्ण झाली. वास्तुकार अताउल्ला, ताजमहालाचे शिल्पकार मानले जाणारे उस्ताद अहमद लाहोरी यांचा पुत्र. ताजमहालाची गरीब नक्कल म्हणून या वास्तूला हिणवतात. संगमरवर बेताचा, बाकी चुन्याचा गिलावा, हे खरे. पण सहलीची मुले घुमटापुढे छायाचित्र काढून परततात आणि बाग पाहायची राहूनच जाते. सुमारे ४५८ मीटर लांब, २७५ मीटर रुंद असे ते आवार. उंच भिंत मराठवाड्याच्या उन्हाळ्यातली धूळ आणि झळा अडवते. आत पाण्याचे पाट जमिनीचे चार भाग पाडतात, म्हणून चारबाग. ताजमहालात कबर बागेच्या टोकाला, यमुनेकाठी आहे. येथे ती थेट बागेच्या मध्यावर. निव्वळ नक्कल करणाऱ्याने एवढा मोठा बदल केला नसता.