रिकामे आसन

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



प्राचीन बौद्ध शिल्पांतील प्रतीकांविषयी बोलताना मी आधी एका शिल्पपटापाशी थांबणार आहे. सांचीच्या मोठ्या स्तूपाची तोरणे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास उभारली गेली. त्यांपैकी पूर्वेच्या तोरणावर सिद्धार्थाच्या गृहत्यागाचा प्रसंग कोरलेला आहे. कपिलवस्तूच्या वेशीतून कंथक घोडा बाहेर पडतो. त्याच्यावर छत्र धरलेले आहे. परंतु पाठीवर स्वार नाही. पटाच्या शेवटी केवळ दोन पाऊलखुणा उरतात आणि घोडा माघारी फिरतो.

इतर प्रसंगांतही हीच रीत दिसते. बोधिवृक्षाखालचे रिकामे आसन म्हणजे ज्ञानप्राप्ती, चक्र म्हणजे सारनाथचे पहिले प्रवचन, स्तूप म्हणजे महापरिनिर्वाण. यांतील काही दृश्ये तीर्थस्थानांच्या पूजेची असावीत, असे काही अभ्यासक मानतात. तो वाद बाजूला ठेवला, तरी या तोरणांवर गौतम बुद्धाची मानवी आकृती नाही, ही गोष्ट उरतेच. माणसाच्या चेहऱ्याच्या जागी त्याने दिलेली गती कोरली गेली.

मग नावे कोणाची कोरली गेली? दक्षिण तोरणावरील एक लेख सांगतो, की तेथील कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांनी केले. आपल्या कार्ल्याच्या चैत्यगृहातही दाराचे काम करणाऱ्या सामी नावाच्या सुताराचा लेख आहे. सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त आहे, स्तंभदान करणारे यवनही आहेत. राजपुरुष आणि श्रेष्ठी तेथे होतेच. पण सुताराचे नाव त्यांच्या नावांखाली दडपले गेले नाही.

पुढे गुप्तकाळात सांचीच्या त्याच स्तूपापाशी, चारही प्रवेशद्वारांसमोर बुद्धमूर्ती बसविण्यात आल्या. त्या मूर्तींचा किंवा त्यांपुढे नम्र होणाऱ्या श्रद्धेचा उपमर्द मला करावयाचा नाही. चिंता आहे ती आपल्या घरची. आपल्या कार्यालयांत नेत्यांच्या तसबिरी वाढत जातात आणि अभ्यासवर्ग ओस पडतात. नेता गेला, की त्याच्या विचाराऐवजी त्याच्या खुर्चीवरून भांडणे सुरू होतात. ज्यांना समतेचा समाज घडवायचा आहे, त्यांना हे शोभणारे नाही.

पुढच्या जयंतीला तसबिरीला हार अवश्य घाला. मात्र त्याआधी शाखेची वही उघडून पाहा. वर्षभर वर्गणी गोळा करणाऱ्यांची, भिंती रंगविणाऱ्यांची, सतरंज्या उचलणाऱ्यांची नावे तीत आहेत काय? नसतील, तर आधी ती लिहा.