हात रिकामा झाला तर काय करायचं?

(विहाराच्या वर्धापनदिनी इंदुरी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला वक्ते धम्माच्या इतिहासावर बोलतात. मी गिरणी कामगार माणूस. कॉलेजचं तोंड पाहिलं नाही, जे काही वाचलं ते पाळी सुटल्यावर वाचलं. म्हणून आज एका साध्या प्रश्नावर बोलणार आहे. घरात एक पैसासुद्धा उरला नाही, तर माणसानं काय करायचं? हा विषय विहारात कशाला, असं कुणाला वाटेल. विहारातच का, ते शेवटी सांगतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. चाकण-तळेगावच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे राबणारी आपली पोरं एका रात्रीत घरी बसली. आपल्याच वस्तीतल्या एका घरातलं पीठ संपलं, तांदूळ संपला. नाव सांगणार नाही. मी रोज त्या दारावरून जात होतो. "काय, कसं चाललंय?" विचारलं की आतून उत्तर यायचं, "बरं चाललंय भाऊ." तिसऱ्या दिवशी त्यांचं लहान पोरगं आमच्या ओट्यावर येऊन बसलं आणि भाकरीच्या टोपलीकडे बघत राहिलं, तेव्हा कळलं. बंधूंनो, त्याच वेळी आपल्या विहाराच्या पेटीत नव्या स्पीकरसाठी जमवलेली वर्गणी पडून होती! तिचा हिशेब माझ्याकडेच होता. मला त्या दिवशी फार शरम वाटली.

जास्त शरम अशासाठी वाटली, की "बरं चाललंय" या उत्तराचा अर्थ मला लहानपणापासून माहीत होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत पुढारी होते. साठेक गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार. पगारवाढ, बोनस, बदली कामगारांना कायम करणं, अशा मागण्या होत्या. तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. माझे वडील रिंग खात्यात होते. मी अकरा वर्षांचा. पूर्वी ते गावी यायचे तेव्हा दिवसाउजेडी यायचे, हातात कापडाची पिशवी, पोरांना खाऊ. संप लांबला आणि ते शेवटच्या गाडीनं येऊ लागले. तळेगाव स्टेशनावरून अंधारात चालत इंदुरीला. मुंबईवाला रिकाम्या हातानं आला हे गावानं बघू नये म्हणून! आईनं आम्हाला शिकवून ठेवलं होतं, शाळेत कुणी विचारलं तर सांगायचं, जेवून आलो.

त्या वर्षी आमच्या घरावर दोन उधाऱ्या होत्या. त्या दोन्ही मी जन्मभर विसरणार नाही.

पहिली सावकाराची. धाकटी बहीण आजारी पडली म्हणून वडिलांनी पाचशे रुपये आणले, दहा रुपये शेकडा, दर महिन्याला. म्हणजे महिन्याचं व्याज पन्नास रुपये. वर्षात सहाशे रुपये व्याज आणि मुद्दल पाचशे जिथल्या तिथे. आईचा तांब्याचा हंडा गेला, मग कानातलं गेलं. ते कर्ज फिटायला चार वर्षं लागली. ही गोष्ट वडिलांनी सख्ख्या भावालासुद्धा सांगितली नव्हती. पुढे चुलत्यांना कळलं तेव्हा ते रडले. म्हणाले, "अरे, माझ्याकडे रोख नव्हती, पण शेरडं होती. एक विकलं असतं."

दुसरी उधारी मुंबईच्या खाणावळवाल्या मावशींची. संप सुरू झाल्यावरही त्यांनी वडिलांचं ताट बंद केलं नाही. एका वहीत लिहीत गेल्या. व्याज नाही, तगादा नाही. वडिलांनी ते पैसे पुढे हप्त्या-हप्त्यानं तीन वर्षांत फेडले. त्या मावशी काही श्रीमंत नव्हत्या. गिरणगावात अशा हजारो बाया होत्या. १९७४ च्या बेचाळीस दिवसांच्या संपातही अशाच बायांनी कामगारांना उधारीवर जेवू घातलं होतं. त्यांनाही सावकारच गाठत होता. म्हणून १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. एकटी बाई सावकाराच्या दारात जाते, दहा जणी एकत्र आल्या की बँकेच्या दारात जातात.

आता बघा. पैसे दोघांनीही दिले, सावकारानंही आणि मावशींनीही. एकानं आम्हाला चार वर्षं खाली दाबलं, एकीनं उभं केलं. फरक का पडला? वडिलांनी सावकाराकडे जाताना गोष्ट लपवली होती. मावशींना मात्र सगळं ठाऊक होतं. संप सगळ्यांचा होता, तिथे लपवायला काही नव्हतंच. माझ्या अनुभवात गरीब माणूस पैशाच्या टंचाईनं निम्मा मरतो आणि उरलेला निम्मा ती लपवताना मरतो. सावकाराचा धंदा आपल्या शरमेवर चालतो.

तथागतांनी याबद्दल काय शिकवलं? आळवी गावची एक कथा धम्मपदाच्या अट्ठकथेत आहे. भगवान बुद्ध तिथे उपदेशाला गेले. एका गरीब शेतकऱ्याला ऐकायचं होतं, पण त्याचा बैल हरवला होता. बैल शोधून, दमून, उपाशीपोटी तो उशिरा पोहोचला. बुद्ध त्याच्यासाठी थांबले होते. आल्या आल्या त्यांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितलं आणि तो जेवल्यावर उपदेश सुरू केला. भिक्खूंत कुजबुज झाली. तेव्हा बुद्धांनी समजावलं, की भूक हा सगळ्यांत मोठा रोग आहे. माता-भगिनींनो, आधी अन्न आणि मग धम्म, हा क्रम खुद्द तथागतांनी घालून दिला आहे.

अनाथपिंडिकाला सांगितलेल्या गृहस्थाच्या सुखांत एक सुख आहे, ऋण नसण्याचं. आणि सिगालोवाद सुत्तात कमाईचे चार भाग सांगितले आहेत. एक भाग खाण्या-जेवण्याला, दोन भाग कामधंद्याला आणि चौथा अडचणीच्या दिवसासाठी राखून ठेवायचा. पण कुणी म्हणेल, पंधरा हजार पगार, त्यात चार भाग कसले पाडायचे? बरोबर आहे. एकट्यानं नाही जमत. म्हणून मी म्हणतो, आपल्यासारख्यांचा चौथा भाग सगळ्यांनी मिळून राखला पाहिजे.

बाबासाहेबांनाही पैशाची चणचण चुकली नाही. १९२० साली अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला ते लंडनला गेले, ते स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतलेले पैसे यांवर. तिथे पैसे संपले तेव्हा मित्राला मोकळेपणानं पत्र लिहिलं. इकडे माता रमाईंनी कसे दिवस काढले ते आपल्या आया-बायांना मी काय सांगावं! पुढे १९३८ साली त्याच बाबासाहेबांनी सावकारीला परवान्याचं बंधन घालणारं विधेयक तयार केलं. विश्वासाच्या माणसाकडे मागण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, आणि लुटणाऱ्याला त्यांनी सोडलं नाही.

आता कामाचं बोलतो. हात रिकामा झाला तर काय करायचं, ते क्रमानं सांगतो.

पहिलं, घरात सगळ्यांना खरं सांगा, बायकोला आणि मोठ्या मुलांनाही. आणि बाहेर निदान एका माणसाला सांगा.

दुसरं, आधी धान्य. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो आणि अंत्योदय कार्डाला घरटी पस्तीस किलो धान्य आहे. १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. सुनेचं, नातवाचं नाव कार्डावर चढवलेलं नाही अशी किती घरं आहेत आपल्याकडे? नाव नाही तर पाच किलो नाही. हे काम पैसे संपण्याआधी करायचं.

तिसरं, आजारपण. आपल्या बहुतेक कर्जांची सुरुवात दवाखान्यात होते. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बलांना सवलतीत ठेवाव्या लागतात. दाखल होतानाच ते मागायचं. बिल हातात आल्यावर रडून उपयोग नाही.

चौथं, व्याजाचा पैसा घरात आणू नका. २०१४ च्या महाराष्ट्राच्या सावकारी कायद्यानं विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे तक्रार करता येते. मोबाईलवरचं झटपट कर्जही सावकारच समजा. दहा रुपये शेकडा म्हणजे वर्षाला एकशे वीस टक्के, हा हिशेब पोरांना पाठ करायला लावा.

पाचवं, कुणाचं देणं असेल तर तारीख उलटण्याआधी त्याच्यापुढे जाऊन उभं राहा. "आज जमत नाही, एवढे एवढे देतो" असं सांगा. तोंड चुकवलं की उधारीबरोबर अब्रूही जाते.

सहावं, हंडा विका, टीव्ही विका, पण ज्यावर पोट चालतं ते हत्यार, शिलाई मशीन आणि जमीन यांना हात लावू नका. रेशनकार्ड आणि बँकेचं कार्ड कुणाकडे गहाण ठेवू नका. आणि पोराची शाळा सोडवू नका. १९८२ साली आमच्या वर्गातली जी पोरं शाळेतून सुटली, ती परत आली नाहीत.

तरुणांना एक सांगणं आहे. दारू, जुगार आणि हौसेचं लग्न, ही तीन भोकं असली तर कितीही भरा, घडा भरणार नाही. लग्न विहारात लावा, साधं लावा.

आता विहारात हा विषय का, ते सांगतो. माझी आजच्या दिवशी एकच मागणी आहे. या विहारात धान्याची एक कोठी ठेवा. प्रत्येक घरानं रोज भात शिजवताना एक मूठ तांदूळ बाजूला काढायचा. मूठ म्हणजे पन्नास ग्रॅम धरा. साठ घरं धरली तर दिवसाला तीन किलो, महिन्याला नव्वद किलो. कुणाच्या ताटात काही कमी पडणार नाही. मावळात भात पिकतो, आपल्याला तांदळाचं अप्रूप नाही.

नियम तीनच ठेवू. मागणाऱ्याला कारण विचारायचं नाही. कुणी नेलं हे दोन माणसांपलीकडे कळता कामा नये, आणि त्या दोघांत एक बाई असलीच पाहिजे, कारण चुलीची गोष्ट बाई बाईलाच सांगते. आणि दिवस फिरले की जमेल तसं धान्यानं परत करायचं, व्याज नाही. आपल्या भिंतीवर देणगीदारांच्या नावांची पाटी आहे, ती राहू द्या. पण कोठीतून नेणाऱ्याचं नाव कुणाच्या ओठावर येऊ नये.

या कोठीनं गरिबी जाईल असं मी म्हणत नाही. गरिबी जाते हक्काच्या पगारानं, कायम नोकरीनं आणि शिक्षणानं, त्यासाठी संघटना हवी, लढा हवा. पण उपाशी माणूस लढ्यात फार दिवस टिकत नाही, हे मी बापाच्या डोळ्यांत पाहिलं आहे. ती कोठी लढणाऱ्याला चार दिवस जास्त उभं ठेवील.

२५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी इथून जवळच, देहूरोडला, बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्या मूर्तीपुढे आपले आजे-पंजे चालत गेले ते अंगावर धड कापड नसताना. त्यांनी काही लपवलं नाही. आपणही लपवू नये. उद्या कुणी दारावरून जाताना "कसं चाललंय?" विचारलं, आणि चाललं नसेल, तर सांगा, "चालत नाही भाऊ." आणि विचारणाऱ्यानं उत्तर ऐकायला दारात थांबावं.

कोठीची पहिली पायली मी घरून आणली आहे. ती दाराशी ठेवली आहे.

एवढं बोलून माझे दोन शब्द संपवतो. जय भीम! नमो बुद्धाय!