भाजीवर काय घालायचं: शेडनेट, पॉलिहाऊस की नुसतं क्रॉप कव्हर?

माणदेशात काय, आटपाडी-जतकडे काय, बचत गटाच्या बैठकीत हल्ली हा प्रश्न निघतोच. कुणी म्हणते शेडनेट, कुणी थेट पॉलिहाऊस. आम्ही म्हणतो, आधी आपली भाजी कोणती ते ठरवू.

पॉलिहाऊसचा कागद साधारण २०० मायक्रॉनचा. तो पाऊस अडवतो, पण उष्णताही आत कोंडतो. महाबळेश्वर-पाचगणीच्या गारठ्यात ते कामाचं. आपल्याकडे एप्रिलात आत भट्टी होते. रंगीत ढोबळीला गिऱ्हाईक ठरलेलं असेल आणि रोज बघायला माणूस असेल, तरच त्या वाटेला जावं. दोन गुंठे मेथी-कोथिंबिरीसाठी ते म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

उन्हाळी पालेभाजीला ५० टक्के सावलीचं शेडनेट पुरतं. टोमॅटो-मिरचीला ३५ टक्क्यांचं बरं. ७५ टक्क्यांचं लावलं तर रोपं उंच आणि लेचीपेची होतात. दुकानात गेलात की रंग नंतर बघा, आधी टक्का विचारा.

आता महत्त्वाचं. दोडका, कारलं, भोपळा यांना फळ धरायला मधमाशी लागते. चारी बाजूंनी जाळी बंद केली तर वेल हिरवागार दिसेल, पण फळ धरणार नाही. मग रोज सकाळी नर फूल तोडून मादी फुलाला हातानं लावत बसा. त्यापेक्षा वेलभाज्या बाहेर मांडवावरच ठेवाव्यात. कलिंगडाला सुरुवातीचे २०-२५ दिवस पातळ क्रॉप कव्हर घालतात आणि फुलं दिसू लागली की काढतात, तेही याचसाठी.

मिरचीवरच्या बोकड्यानं जीव नकोसा केलाय ना? पैसे थोडे असतील तर फक्त रोपवाटिकेला ४० मेशची बारीक जाळी करा. पांढरी माशी कोवळ्या रोपाला लागली नाही की निम्मं काम झालं. बांबूच्या कमानी गटातल्या गटात होतात.

वळवाचा वारा मात्र विसरू नका. नेट काढता-गुंडाळता येईल असंच बांधा. वाऱ्याच्या बाजूला शेवरीची दाट ओळ हवी.

आणि उतारा! शेडनेट-पॉलिहाऊसला मंजूर खर्चाच्या निम्मं अनुदान आहे, अर्ज महाडीबीटीवर होतो. पण तिथं सातबारा लागतो. राबणारी बाई आणि नाव दुसऱ्याचं, तर अर्जही दुसऱ्याचाच. लक्ष्मीमुक्ती योजनेत नवऱ्याच्या संमतीनं बायकोचं नाव सातबाऱ्यावर लागतं. शासनाचा तसा निर्णय १९९२ पासून आहे. तलाठ्याकडे अर्ज करायचा. चौघी मिळून गेलात तर बरं, एकटीला उद्या या म्हणतात. नाव लागायला वेळ जातो, म्हणून ते काम आधी. आणि पूर्वसंमतीचं पत्र हातात येईपर्यंत एकही खांब रोवू नका, नाहीतर अनुदान हुकतं.