मिनिकॉय बेटाची बोली

आपल्या कोकणाला लागून जो अरबी समुद्र आहे, त्याच समुद्रात खाली दक्षिणेला, केरळच्या पश्चिमेस, लक्षद्वीपची बेटे आहेत. ती आपल्या भारतातलीच. सगळी जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर. २०११ च्या शिरगणतीत माणसे भरली चौसष्ट हजार. म्हणजे आपल्याकडचा एखादा तालुकासुद्धा मोठा!

या बेटांवर बहुतेक लोक मलयाळम बोलतात. पण अगदी दक्षिणेच्या टोकाला मिनिकॉय बेट आहे. बाकीची बेटे तिथून सुमारे २०० किलोमीटर दूर. मालदीव देश त्याहून जवळ. म्हणून मिनिकॉयची बोली मालदीवचीच. तिला महल म्हणतात.

आता गंमत पाहा. मलयाळम ही तमिळच्या घराण्यातली. महल मात्र आपल्या मराठीच्या कुळातली, लांबची चुलतबहीणच म्हणा ना! आपण 'तीन' म्हणतो, ते 'तिन' म्हणतात. हिची लिपी उजवीकडून डावीकडे लिहितात. तिचे नाव थाना. तिची पहिली नऊ अक्षरे अरबी आकड्यांवरून घेतली, पुढची नऊ तिथल्या जुन्या आकड्यांवरून. आपण अक्षरे वेगळी गिरवतो, आकडे वेगळे गिरवतो. त्यांनी आकड्यांचीच अक्षरे केली, बरं का!

तिथल्या पोराच्या घरात महल. शाळेत मलयाळम आणि इंग्रजी. कुराण वाचायचे ते अरबीत. पुढे पुष्कळ जण जहाजावर खलाशी होतात, तिथे हिंदी लागते. जास्त भाषा शिकल्या की पोराच्या डोक्याला ओझे होते, असे आपल्याकडे म्हणतात. आम्ही जन्मभर पोरे शिकवली, आम्हांला काही हे पटत नाही.

अडचण निराळीच आहे. मिनिकॉयची वस्ती दहा हजारांच्या आसपास. त्यांना सगळ्यांच्या भाषा शिकाव्या लागतात, त्यांची भाषा शिकायला कोण जातो? बेटाबाहेर बाजारात, कचेरीत महल चालत नाही. तिला आधार दोन जागांचा, घराचा आणि शाळेचा. शाळेत ती एक विषय म्हणून शिकवीत.

२०२५ च्या मे महिन्यात तिथल्या सरकारी खात्याचा आदेश निघाला, की शाळेत महल आणि अरबी बंद करून त्या जागी हिंदी शिकवावी. हिंदी शिकावीच, तिचा उपयोग मोठा आहे. पण तिला जागा द्यायला आईच्या बोलीलाच उठवायचे, हे आम्हांला बरे वाटत नाही. प्रकरण केरळच्या उच्च न्यायालयात गेले. जूनमध्ये न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. म्हणजे, तूर्त तो अमलात आणू नका, असे सांगितले.