नत्था आणि होरी



'वृत्तमाध्यमे आणि उपरोध' हा विषय मंडळाने आम्हांस दिला, तेव्हा प्रथम आठवले ते तेंडुलकरांचे 'कमला'. १९८१ सालच्या एका सत्य घटनेवरून स्फुरलेल्या त्या नाटकातील पत्रकार, बायकांचा बाजार भरतो हे सिद्ध करण्यासाठी एक आदिवासी स्त्री विकत घेतो आणि तिला पत्रकार परिषदेत उभी करतो. बाजार तसाच राहतो; गाजते ती परिषद.

परंतु या उपरोधाची खरी धार आम्हांस जाणवली ती २०१० सालच्या 'पीपली लाइव्ह' या हिंदी चित्रपटात. अनुषा रिझवी यांच्या या चित्रपटातला नत्था म्हणजे आपल्या भिलाईचेच ओंकारदास माणिकपुरी, हबीब तनवीरांच्या 'नया थिएटर'च्या तालमीत तयार झालेले नट. कर्जबाजारी नत्था सरकारी भरपाईसाठी आत्महत्या करणार अशी वार्ता फुटते आणि वाहिन्यांच्या गाड्यांची गावात जत्रा भरते. नत्था नाहीसा होताच त्याच्या विष्ठेवरून त्याच्या मनःस्थितीचे निदान करणारा वार्ताहर पाहून चित्रपटगृहात हास्याचा कल्लोळ उसळला. आम्हीही हसलो. (सभ्यतेच्या मर्यादा अशा वेळी कोणास आठवतात!)

त्याच गावात होरी महतो नावाचा एक कृश माणूस रोज माती खणतो आणि एके दिवशी त्याच खड्ड्यात मरून पडतो. राकेश नावाचा स्थानिक वार्ताहर त्याच्याविषयी विचारू पाहतो; पण मोठ्या वाहिनीच्या बाईंना हवा असतो नत्था.

ही अतिशयोक्ती नव्हे. २००६ साली मुंबईच्या फॅशन सप्ताहासाठी ५१२ पत्रकार जमले होते, असे पी. साईनाथ यांनी नोंदवले आहे. तेथे मिरवत होती सुती वस्त्रे. तो कापूस पिकविणारे मात्र, विमानाने तासाभराच्या अंतरावर, विदर्भात आत्महत्या करीत होते. आपल्यापैकी कित्येकांची मूळ गावे त्याच यवतमाळ-वर्ध्याकडची. आमच्या घरी दूरचित्रवाणी रोज सायंकाळी चालू असे. तरी गावाकडची हकीकत आम्हांस कळली ती सुटीत, आप्तांच्या तोंडून.

चित्रपट पाहून परतताना सौभाग्यवतींनी विचारले, "तो माती खणणारा होता ना, त्याचं नाव काय हो?"

नत्थाचा भाऊ बुधिया, बायको धनिया, सारी नावे आम्हांस तोंडपाठ होती. हे एकच काही केल्या आठवेना. घराचे कुलूप काढताना आठवले. प्रेमचंदांच्या 'गोदान'मधील शेतकऱ्याचेच ते नाव, बी. ए. ला असताना आम्ही ती कादंबरी दोनदा वाचली होती.