ठाण्याची पायरी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे. आमच्याकडे तिला आणखी एक पायरी जोडली जायची, ती पोलीस ठाण्याची. मिरजेच्या पूर्वेला, कर्नाटकाच्या हद्दीजवळ असलेल्या एका गावात मी एकवीस वर्षं पोलीस पाटील होतो. गावातल्या माणसाने ही पायरी चढावी की चढू नये, हा प्रश्न त्या काळात कितीतरी वेळा माझ्यापुढे आला. बहुतेक वेळा माझं उत्तर बरोबर आलं. एकदा मात्र फार चुकलं. आज त्या दोन्हींबद्दल बोलायचं आहे.

शहरातल्या श्रोत्यांसाठी आधी थोडा खुलासा करतो. पोलीस पाटील म्हणजे जुन्या काळातला वतनदार पाटील नव्हे. ती पिढीजात पाटीलकी गेली. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमानुसार पोलीस पाटलाची नेमणूक होते, त्याला मानधन मिळतं. गणवेश नाही, बंदूक नाही. गावात काय घडतंय, कोण परका आला, कुठे भांडण पेटायच्या बेतात आहे, हे वेळेवर ठाण्याला कळवायचं आणि पोलीस येईपर्यंत गाव शांत ठेवायचं, हे त्याचं मुख्य काम. गावात तो पोलिसांचा माणूस आणि ठाण्यात तो गावाचा माणूस. दोन्हीकडचे बोल त्यालाच खावे लागतात.

मी काम हाती घेतलं तेव्हा आमच्याकडे विहिरींवरच्या मोटारी आणि केबल चोरीला जायच्या. ऐन उन्हाळ्यात मोटार गेली की बाग वाळते. तरीही तक्रार करायला कुणी तयार नसायचं. शेजारच्या वस्तीवरचे एक तात्या मला म्हणाले, "पाटील, मोटार गेली ती गेली. आता दिवस कशाला घालवू?" त्यांचंही चूक नव्हतं. मजुरी बुडवून मिरजेला जायचं, बाकावर बसायचं, साहेब बंदोबस्ताला गेलेत असं ऐकायचं, आणि शेवटी कुणीतरी विचारणार, "मोटारीची पावती कुठाय?" जुनी घेतलेली मोटार, तिची पावती कुठून आणायची?

यातून एक विचित्र गोष्ट व्हायची. तक्रारच नाही म्हटल्यावर कागदावर आमच्या गावात चोरी नव्हतीच. चोरी नाही म्हणून रात्रीची गस्त आमच्याकडे फिरकत नव्हती. गस्त नाही म्हणून चोर निर्धास्त होते. ठाण्यातले म्हणायचे, गावकरी सहकार्य करत नाहीत. गावकरी म्हणायचे, पोलीस लक्ष देत नाहीत. दोघंही खरं बोलत होते.

हा गुंता एका बीट हवालदाराने सोडवला. ते नवीनच बदलून आले होते. त्यांनी ठरवलं, दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी सकाळी दोन तास आमच्या चावडीत बसायचं. तक्रार असो नसो, बसायचंच. पहिले तीन आठवडे चहा पिऊन गेले. चौथ्या आठवड्यात तात्या आले. हवालदारांनी त्यांची तक्रार लिहून घेतली, वाचून दाखवली, सही घेतली, आणि पुढच्या बाजाराला ठाण्याची पोच त्यांच्या हातात ठेवली. तो कागद तात्यांनी गावभर दाखवला. मोटार काही मिळाली नाही, पण तक्रार लिहून घेतात ही बातमी गावाला मिळाली.

मग पुढची कामं सोपी झाली. प्रत्येक मोटारीवर छिन्नीने खूण घातली आणि चावडीतल्या वहीत मालकाच्या नावापुढे ती नोंदवली. पावतीचा प्रश्न मिटला. तरुण पोरांचं ग्रामसुरक्षा दल उभं केलं. चार-चार जणांची पाळी, हातात बॅटरी आणि गळ्यात शिट्टी. हवालदारांनी पोरांना पहिल्याच दिवशी एक अट घातली होती. संशयित अडवायचा, पाटलांना उठवायचं, ठाण्याला फोन करायचा, पण हात उचलायचा नाही. ज्या रात्री पोरांनी केबल भरलेला टेम्पो अडवला, त्या रात्री ही अट पाळणं किती कठीण होतं ते मी पाहिलं आहे. पण पोरांनी पाळली.

या अटीचं मोल पुढे आपल्या सर्वांच्या लक्षात आलं. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारलं. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंगा गावात, उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना त्याच संशयावरून मारहाण झाली. गाव जागं असणं वेगळं आणि गावाने न्याय करायला बसणं वेगळं. पहिल्याला पोलिसांची साथ म्हणतात, दुसऱ्याला गुन्हा म्हणतात.

आता माझ्या चुकीकडे येतो. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. आमच्या तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील, म्हणजे आबा, तेव्हा गृहमंत्री होते. कल्पना चांगली होती. ग्रामसभेने समिती निवडायची, गावातले दिवाणी, महसुली आणि तडजोड होण्याजोगे फौजदारी तंटे समोरासमोर बसवून मिटवायचे. चांगलं काम करणाऱ्या गावाला लोकसंख्येप्रमाणे लाख रुपयांपासून दहा लाखांपर्यंत बक्षीस. आमच्या समितीने बांधाची भांडणं मिटवली, सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लावून दिल्या. दोन भावांमधला रस्त्याचा वाद तर त्यांच्या वडलांपासून चालत आलेला, तो एका दुपारी मिटला. वकिलाचे आणि एस.टी.चे पैसे वाचले, आणि बोलणं बंद झालेली घरं पुन्हा एकमेकांच्या लग्नात दिसू लागली. हे सगळं मी अभिमानाने सांगतो.

पण बक्षीस आलं की गुण आले, आणि गुण आले की घाई आली. एका संध्याकाळी गावातली एक सून माझ्या दारात आली. नवरा दारू पिऊन मारतो, मला ठाण्यात घेऊन चला, म्हणाली. मी तिला घरात बसवलं, पाणी दिलं आणि समितीची बैठक बोलावली. नवऱ्याला बोलावून दम भरला. त्याने सर्वांसमोर कान धरले. सासऱ्यांनी शब्द दिला. मी तिला म्हणालो, "पोरी, घरची गोष्ट घरात राहू दे. एक संधी दे." तिने मान हलवली. वहीत आम्ही लिहिलं, तंटा मिटला.

दीड महिन्याने ती परत आली. या वेळी तिचा हात मोडला होता. ती मला काही बोलली नाही. तिच्याबरोबर आलेली तिची आई बोलली, "पाटील, त्या दिवशी तिला ठाण्यात नेलं असतं तर?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. त्याच रात्री आम्ही तिला मिरजेला दवाखान्यात नेलं, तिथून ठाण्यात. फिर्याद दाखल होईपर्यंत मी बाहेरच्या बाकावर बसून होतो.

त्या बाकावर मला जे कळलं ते साधं आहे. तंटा दोन बरोबरीच्या माणसांत असतो. एक मारणारा आणि एक मार खाणारी, यात तंटा नसतो, तिथे गुन्हा असतो. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा तोवर लागू झालेला होता. संरक्षण अधिकारी, राहत्या घरात राहण्याचा हक्क, हे सगळं त्यात होतं. मला त्याची जुजबी माहिती होती, आणि तरी मी समेट लावला, कारण मला गावाची वही कोरी ठेवायची होती. आधी तक्रारी नसल्यामुळे आमचं गाव कागदावर चोरीमुक्त होतं. आता तक्रार दाबून मी ते तंटामुक्त करायला निघालो होतो. दोन्ही वेळा कागद चांगला होता.

त्यानंतर आमच्या समितीने चावडीच्या भिंतीवर लिहून टाकलं, बांध, पाणी, वाट, उसनवारी यांचं इथे बोलू, मारहाण, बाई आणि लहान मूल यांचं ठाण्यात बोलू. पुढच्या वर्षी आमचे मिटलेले तंटे कमी भरले. बक्षीस गेलं. समितीतले काही जण माझ्यावर नाराज झाले.

सप्टेंबर २००९ मध्ये मिरजेत काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. गणेशोत्सवातल्या कमानीवरच्या चित्रावरून दंगल उसळली, संचारबंदी लागली, त्याचे पडसाद सांगली, कोल्हापूर, इचलकरंजीपर्यंत उमटले. ज्या गावात मीरासाहेबांच्या दर्ग्यावर अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीसाठी सगळ्या जातिधर्माचे गवई गायला येतात, त्या गावात हे झालं. आमच्या गावातही दोन्ही समाजांची घरं आहेत. फोनवर अफवा येत होत्या. मी मंडळाच्या अध्यक्षांना आणि मशिदीच्या विश्वस्तांना चावडीत बोलावलं. ठरलं एवढंच, की कुठलीही बातमी आली तरी ती पुढे सांगायच्या आधी हवालदारांना फोन करून विचारायची. त्या चार-पाच दिवसांत हवालदारांनी किती फोन घेतले असतील देव जाणे. गावात काही झालं नाही. दोन्हीकडच्या माणसांनी त्यांचा शब्द मानला, कारण बाजारच्या दिवशी चावडीत बसणारा तो माणूस त्यांच्या ओळखीचा होता.

भिवंडीत सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने हेच मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं होतं. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या त्या गावात त्यांनी मोहल्ला समित्या बांधल्या, हिंदू-मुसलमानांना पोलिसांबरोबर नियमित एकत्र बसवलं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. समिती दंगलीच्या दिवशी बनवता येत नाही, ती आधीच्या साध्या दिवसांत बनवावी लागते.

आणि हा विश्वास एका रात्रीत जातोही. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगलीत पोलीस कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला, मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला गेला आणि या प्रकरणी पोलिसांनाच अटक झाली. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या चावडीत कुणी तोंड उघडेना. अनेक वर्षं जपलेलं बोलणं थांबलं. सुरक्षा दलातल्या एका पोराने मला विचारलं, "पाटील, आम्ही पकडून दिलेल्या माणसाचं आत काय होतं, हे आम्हाला कोण सांगणार?" प्रश्न रास्त होता. सहकार्य दोन्ही बाजूंनी असतं. गावाने माहिती द्यायची, तर ठाण्यानेही गावाला हिशेब द्यायला हवा.

म्हणून जाता जाता थोडं कामाचं सांगतो. १ जुलै २०२४ पासून देशात नवे फौजदारी कायदे लागू झाले आहेत. गुन्हा कुठेही घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्याने नोंदवून घ्यायची आहे, 'आमच्या हद्दीत येत नाही' हे उत्तर चालत नाही. आमच्यासारख्या हद्दीवरच्या गावांना हे फार मोलाचं आहे. नोंदवलेल्या खबरीची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवण्याची जबाबदारी पोलिसांवर आहे, तेही विचारा. अडीअडचणीला ११२ क्रमांक आहे. आणि २ जानेवारीला, महाराष्ट्र पोलिसांच्या स्थापना दिनानिमित्त, ठाण्यांत शाळेच्या मुलांना बोलावतात. आपली मुलं जरूर पाठवा. जी पायरी लहानपणी एकदा सहज चढली, तिची मोठेपणी भीती वाटत नाही.

ती सून आता माहेरच्या गावी असते, द्राक्षाच्या छाटणीची टोळी चालवते. परवा बाजारात भेटली. तिने मला नमस्कार केला, मी तिला. दोघांनीही त्या दिवसाचा विषय काढला नाही.

शहाण्याने पायरी चढू नये, हे बांधाच्या भांडणापुरतं मी आजही मानतो. पण ज्याच्यावर हात उठला, त्याने ती चढलीच पाहिजे. आणि त्याला एकट्याला चढावी लागू नये, त्याच्या मागे गावातली दोन माणसं उभी असावीत, एवढीच माझी आपल्याकडे विनंती आहे.